अस्सल

रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन तो आला झुरिकहून,
उर्स एबिशर, चष्मा कपाळावर चढवलेला,
आणि माझ्या फुल्व्हियाच्या दारांना, बॉनेटला
यंत्र टेकवत फिरला, डॉक्टर छाती तपासतो तसा.
कुठे पुट्टी भरलीय का, कुठे ठोकलंय का.
मग यंत्र खिशात टाकून
त्याने नुसती बोटं फिरवली, डोळे मिटून.
तेव्हा तो मला पहिल्यांदा बरा वाटला.

बोटांनी बघणं मला ठाऊक आहे.
एकतीस वर्षं बिएलाच्या गिरणीत रफू केलं मी.
मागावरून उतरलेल्या सुटाच्या कापडात
कुठेतरी एक धागा चुकलेला असायचा,
तो बोटांना सापडायचा, डोळ्यांना नाही.
मग सुई.
मग तिथे काही घडलंच नव्हतं.
आमच्या कामाची तारीफ एकच:
कुणाला काही न दिसणं.

गाडी घेतली त्र्याऐंशी साली, वापरलेली,
एका दाताच्या डॉक्टरकडून.
आई म्हणाली, रफूवालीला कशाला असली गाडी?
दुसऱ्या गिअरमध्ये ती जो घसा खाकरायची
तेवढं उत्तर मला पुरत होतं.

तेव्हा तिला कुत्रं विचारत नव्हतं.
मग शेजारचा सेवेरिनो दर हिवाळ्यात
लिलावाचे आकडे आणू लागला.
बारा हजार. एकोणीस. सव्वीस.
"ठेव अजून," म्हणायचा, "पिकू दे."
भाव चढत गेला तशी ती रस्त्यावरून उतरत गेली.
पावसात नको.
बाजारात नको, कुणीतरी आरसा घासेल.
मीठ टाकलंय रस्त्यावर, आज नको.
शेवटी शेवटी मी गॅरेजात जाऊन
दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायची,
आजाऱ्याला उन्हात बसवतात तसं.
एकदा पाव आणायला नेली तिला
तर पैसे देताना सगळं लक्ष दुकानाच्या काचेबाहेर.
कोणता पाव घेतला, घरी आल्यावर कळलं.
त्या दिवशी ठरवलं.

एबिशर आत बसला. सीटवर तळवा ठेवला.
"कारखान्यातलं लोकरी कापड," म्हणाला,
"अस्सल. कुणाचा हात लागलेला नाही.
याचे दोन हजार वेगळे देईन."

हात लागलेला नाही!
शहाऐंशीचा ऑगस्ट, ओरोपाहून उतरत होतो,
लोरिसच्या सिगरेटीचा निखारा पडला
आणि त्याच सीटला नाण्याएवढं भोक.
भांडलो. उरलेला घाट तो पायी उतरला.
मी मागची सीट उपसून
तिच्याखालच्या, कुणाला न दिसणाऱ्या पट्टीतले धागे
एकेक सोडवून पुढे आणले, तीन रात्री.
चौथ्या दिवशी लोरिस आला,
त्याला भोक सापडेना,
म्हणून त्याला वाटलं, माझा राग गेला.

गप्प बसायला हवं होतं मी.
छपराचं काम अडलंय, दोन हजारांत कौलं येतील.
पण जीभ आधी सुटली.
"इथे," म्हटलं, "इथे रफू केलंय मी."

त्याने चष्मा खाली ओढला.
भिंग काढलं, बॅटरी काढली,
मग बोटं, डोळे मिटून, बराच वेळ.
"सिन्योरा," हसला, "इथे काहीच नाही."
मी नेमकं बोट ठेवायला गेले
आणि मलाच कळेना,
इथे होतं, की दोन बोटं अलीकडे?

कागदावर त्याने लिहिलं: अस्सल.
मी खाली सही केली.

ट्रेलर वळणापलीकडे गेल्यावर
सेवेरिनो कुंपणावरून म्हणाला,
"वर्षभर थांबली असतीस तर!"
मी फरशीवरचा तेलाचा डाग बघत होते.

मागच्या सीटखाली चार बोटं कापड कमी आहे.
झुरिकमध्ये कुणीतरी, कधीतरी, सीट उचलेल.